नदीकाठी नौका बांधावी कशी, राखावी कशी?

वर्धेच्या पात्रापासून पुण्याच्या बोट क्लबांपर्यंत : पाण्याच्या चढउतारात नौका सुरक्षित ठेवण्याचे शास्त्र

सप्टेंबर २०२४च्या प्रारंभी कृष्णा नदीला महापूर आला. विजयवाड्याच्या वरच्या बाजूस काठाला असलेल्या काही अवजड नौका बांधलेल्या जागेवरून सुटल्या आणि प्रवाहाबरोबर वाहत जाऊन प्रकाशम बॅरेजच्या दरवाजांवर आदळल्या. दरवाजांच्या काँक्रीटच्या प्रतिभारांचे नुकसान झाले. अडकलेल्या नौका काढून टाकण्याच्या कामात पुढे कित्येक दिवस गेले. त्या वेळी त्या नौका कोणी चालवत नव्हते, त्यांत प्रवासीही नव्हते. तरीही एका मोठ्या बंधाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी निर्माण केला.

काठाला बांधलेली नौका ही केवळ मालकाची खासगी बाब नसते, हे या घटनेतून स्पष्ट होते. सुटलेली नौका खालच्या पुलाच्या खांबाला, बंधाऱ्याला किंवा दुसऱ्या नौकांना धोका ठरते. म्हणूनच नौकाविहार मंडळे, मासेमारी सहकारी संस्था आणि शोध-बचाव पथके यांच्या कामात नौका चालविण्याइतकेच महत्त्व नौका बांधून ठेवण्याच्या व्यवस्थेला, म्हणजेच मूरिंगला आहे. समुद्रकिनाऱ्यावर या विषयाचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. विदर्भासारख्या प्रदेशात मात्र नद्या वर्षातील आठ महिने शांत असतात आणि चार महिने रूप पालटतात. तेथे हा विषय वेगळ्या रीतीने समजून घ्यावा लागतो.

वर्धेचा स्वभाव

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे देवळी तालुक्यातील गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, वर्धा नदीच्या काठी वसले आहे. मध्यवर्ती दारूगोळा भांडारामुळे त्याचे नाव देशभर परिचित आहे. नदीच्या एका तीरावर वर्धा जिल्हा आणि पलीकडच्या तीरावर अमरावती जिल्हा अशी येथील रचना आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात उगम पावणारी ही नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि दोहोंचा संयुक्त प्रवाह प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जातो.

पुलगावच्या वरच्या बाजूस या नदीवर दोन मोठी धरणे आहेत. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाला १३ दरवाजे आहेत, तर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात धनोडी येथील निम्न वर्धा धरणाला ३१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात धरणे भरली की हे दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले जातात. त्यामुळे पुलगाव परिसरात पावसाचा थेंब नसतानाही नदी चढू शकते आणि दरवाजे बंद होताच तितक्याच वेगाने उतरूही शकते. जुलै २०२२मध्ये वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांनी पुराचे मोठे तडाखे सोसले, ते अनेकांच्या स्मरणात असतील.

याउलट फेब्रुवारी ते मे या काळात पात्र आक्रसते. पाणी डोहांपुरते उरते, गाळाचे व वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि काठाची काळी जमीन भेगाळते. नौका बांधणाऱ्याला या दोन्ही टोकांचा हिशोब एकाच वेळी करावा लागतो. उन्हाळ्यात सुरक्षित वाटणारी बांधणूक पावसाळ्यात नौकेच्या नाशाचे कारण ठरते, ती यामुळेच. समुद्रावरील भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी छापून मिळते. नदीच्या पुराचे तसे मिळत नाही. त्यामुळे नदीवरील मूरिंग हे रोजच्या पाण्यासाठी न आखता वर्षातील सर्वांत वाईट दिवसासाठी आखणे, हा पहिला नियम मानला जातो.

जुन्या क्लबांचा धडा

महाराष्ट्रात नदीकाठच्या नौकाविहाराची सर्वांत जुनी परंपरा पुण्यात आहे. मुळा-मुठेच्या काठी, बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे अडलेल्या संथ पाण्यालगत, रॉयल कॅनॉट बोट क्लब उभा राहिला. त्यावरूनच त्या रस्त्याला बोट क्लब रोड हे नाव पडले. संगमाजवळ मुळेच्या काठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (सीओईपी) बोट क्लब असून तेथील रेगाटाची प्रथा १९२८पासूनची आहे.

वल्हवण्याच्या शर्यतींसाठी वापरल्या जाणाऱ्या लांब, अरुंद नौका या क्लबांमध्ये पाण्यात बांधून ठेवल्या जात नाहीत. सराव संपला की त्या खांद्यावरून उचलून नौकाघरातील फडताळांवर ठेवल्या जातात. नदीवरील सर्वांत सुरक्षित मूरिंग म्हणजे पाण्याबाहेरची कोरडी जागा, हे तत्त्व त्यामागे आहे. चार-सहा जणांना उचलता येईल अशी प्रत्येक नौका रोज वर काढावी आणि ज्या नौका उचलता येत नाहीत त्यांच्यासाठीच दोर, नांगर व धक्क्याचा खर्च करावा, असा निर्णय कोणत्याही नव्या मंडळाने आरंभीच घेतल्यास निम्मा प्रश्न सुटतो. चाकांची गाडी आणि काठावरचा पक्का उतार एवढ्या सामग्रीवर मध्यम आकाराची नौकाही वर ओढता येते.

पुण्याच्या नद्यांनी दुसराही धडा दिला आहे, तो जलपर्णीचा. तिचे गालिचे प्रवाहाबरोबर येऊन बांधलेल्या नौकेच्या पुढच्या टोकाशी साचतात. दिसायला हलकी वाटणारी ही वनस्पती पाण्याने भरलेली असते. तिचा थर जितका रुंद, तितका प्रवाहाचा अधिक जोर दोरावर येतो. पुरात वाहून येणारी झाडे, फांद्या आणि प्लास्टिकचा कचरा यांचेही तसेच आहे. बांधलेल्या नौकेपुढे साचलेला कचरा रोज काढणे हे स्वच्छतेचे काम वाटले, तरी प्रत्यक्षात ते सुरक्षिततेचे काम आहे.

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर तापोळा येथील बोट क्लबांची परिस्थिती आणखी वेगळी. तेथे प्रवाहाचा जोर कमी, पण पाणी महिनोन्‌महिने उतरत जाते आणि काठ दूर सरकत जातो. अशा ठिकाणी कायमचा धक्का उपयोगी पडत नाही. धक्का आणि दोर दोन्ही पाण्याच्या मागे मागे न्यावे लागतात.

प्रवाहाचे आणि दोराचे गणित

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की नौकेवरील जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. ढोबळ हिशोबाने, पाण्याखालील एक चौरस मीटर आडव्या पृष्ठावर सेकंदाला एक मीटर वेगाचा प्रवाह सुमारे ५० किलो वजनाइतका जोर लावतो. वेग सेकंदाला तीन मीटर झाला की हाच जोर सुमारे ४५० किलोंवर जातो. म्हणून नौकेचे पुढचे निमुळते टोक, ज्याला कोकणात नाळ म्हणतात, ते नेहमी प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवतात. तीच नौका प्रवाहाला आडवी झाली तर पाण्याला अडविणारे क्षेत्र अनेक पटींनी वाढते आणि दोर तरी तुटतो, खुंटा तरी उपटतो किंवा नौका तरी कलंडते.

दुसरे गणित दोराच्या लांबीचे. आखूड दोराने खुंट्याला घट्ट बांधलेली नौका पाणी चढले की वर उठू शकत नाही. दोर तिला खाली धरून ठेवतो, प्रवाहाच्या बाजूची कड पाण्याखाली जाते आणि नौका भरते. पाणी उतरले की उलट घडते. एक बाजू दोराला लटकते आणि सामान व इंजिनसह नौका उलटते. चार मीटर लांबीचा दोर पाण्याच्या पातळीत सरळ ताणलेला असेल आणि पाणी तीन मीटर चढले, तर नौकेला काठाकडे जवळजवळ १.३५ मीटर ओढले जाते. दोर १२ मीटरचा असेल तर हीच ओढ अवघी ०.४ मीटर भरते. लांब दोर पाण्याचा चढउतार सहज पचवितो, तो या भूमितीमुळे.

दोराचा प्रकारही महत्त्वाचा आहे. नायलॉनचा दोर ताणाखाली लवचिक राहतो व धक्के शोषून घेतो, म्हणून मूरिंगसाठी त्यालाच पसंती असते. ओला झाल्यावर त्याची ताकद सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटते, ती हिशोबात धरावी. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो. फेकून देण्याच्या बचावदोरासाठी तो चांगला. पण विदर्भाच्या उन्हात तो लवकर ठिसूळ होतो. कायम बांधणीसाठी त्याच्यावर विसंबू नये. चांगल्या प्रतीच्या १२ मिलिमीटर नायलॉन दोराची तुटण्याची मर्यादा अडीच ते तीन टनांच्या आसपास असते, पण प्रत्यक्ष वापरात त्याच्या एक पंचमांशाहून अधिक भार येऊ देऊ नये. गाठ मारल्याने दोराची ताकद आणखी कमी होते. पेड विणून केलेला कायमचा फास ती बहुतांशी टिकवून ठेवतो.

चार दोर, तीन गाठी

धक्क्याला लावलेली नौका एका दोराने कधीही सुरक्षित राहत नाही. पुढच्या टोकाचा एक दोर, मागच्या टोकाचा एक दोर आणि नौकेला पुढे-मागे सरकण्यापासून रोखणारे दोन तिरपे दोर अशी चारांची रचना सर्वमान्य आहे. तिरपे दोर लांब असल्याने चढउतार तेच सांभाळतात. दोन दोर एकाच कडीला बांधू नयेत. ती कडी निसटली तर दोन्ही दोर एकदम निकामी होतात.

गाठींची संख्या मोठी असली तरी नदीकाठी तीन गाठी अचूक येणे पुरेसे आहे. पहिली बोलाइन. तिचा फास आवळत नाही आणि वापरानंतर सुटतोही सहज. मात्र ताण असताना ती सोडता येत नाही. दुसरी, कडीभोवती पूर्ण वेढा आणि वर दोन अर्धगाठी. ही गाठ ताणाखालीही सोडता येते, म्हणून काठाकडचे टोक शक्यतो याच पद्धतीने बांधावे. तिसरी, क्लीटवरील आठच्या आकाराचे वेढे. क्लीट म्हणजे धक्क्यावर किंवा नौकेवर बसविलेली दोन शिंगांची पट्टी. खुंटगाठ पटकन मारता येते, पण दोर सैल-ताठ होत राहिला की ती सरकते. रात्रभरासाठी केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

ताण आलेला नायलॉन दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे उसळतो आणि माणूस जायबंदी होऊ शकतो. ताठ दोराच्या रेषेत उभे राहू नये आणि दोर व क्लीट यांच्यामध्ये बोटे घालू नयेत, हे प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी शिकवावे. हाताशी धारदार कोयता किंवा कुऱ्हाड ठेवण्याची पद्धत याच कारणासाठी आहे. गाठ सुटत नसेल तर दूर, सुरक्षित बाजूला उभे राहून दोर कापता येतो.

दोर सर्वाधिक झिजतो तो धक्क्याच्या कडेवर आणि नौकेच्या काठावर घासून. त्या जागी जाड कॅनव्हास, जुन्या अग्निशमन नळीचा तुकडा किंवा सायकलची ट्यूब चढविली तर दोराचे आयुष्य वाढते. नौका व धक्का यांच्यामध्ये जुने टायर लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्या टायरना खालून भोके पाडावीत, अन्यथा साचलेल्या पाण्याने ते जड होतात आणि डासांचे आगर बनतात.

नांगर, खुंटा आणि काळी जमीन

पात्रात नांगरून ठेवलेल्या नौकेसाठी खोली आणि दोराची लांबी यांचे प्रमाण निर्णायक असते. खोली मोजताना तळापासून नौकेवरील दोराच्या कडीपर्यंतची उंची धरतात. शांत पाण्यात दोराची लांबी या उंचीच्या पाचपट, तर जोराच्या प्रवाहात सातपट असावी. समजा, पाणी तीन मीटर खोल आणि कडी पाण्यापासून एक मीटर वर आहे. एकूण चार मीटर. सातपट म्हणजे २८ मीटर दोर. आता पूर आला आणि पाणी चार मीटर चढले, तर उंची आठ मीटर होते आणि त्याच दोराचे प्रमाण साडेतीनपटीवर घसरते. नांगर आडवा ओढला जाण्याऐवजी वर उचलला जातो आणि तळातून सुटतो. नांगराजवळचा काही भाग साखळीचा ठेवल्यास तिच्या वजनाने ओढ आडवी राहण्यास मदत होते.

कायमच्या मूरिंगसाठी तळाशी काँक्रीटचा ठोकळा टाकून त्याला साखळी व तरंगता बोया जोडतात. येथे एक सामान्य चूक होते. काँक्रीट पाण्यात बुडाले की उद्धरणामुळे त्याचे परिणामी वजन जमिनीवरील वजनाच्या जेमतेम साठ टक्के उरते. शंभर किलोंचा ठोकळा शंभर किलोंची ओढ सहन करील, या समजुतीत अर्थ नाही. गाळात रुतलेला ठोकळा अधिक धरतो, पण वाळूच्या तळावर पूर आला की वाळूच सरकते.

काठावरील खुंट्याचा प्रश्न विदर्भात वेगळा आहे. काळी भारी जमीन पावसात फुगते व मऊ होते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. अशा जमिनीत उभा ठोकलेला खुंटा दरवर्षी थोडा थोडा सैल होत जातो. त्याऐवजी काठापासून दूर, पुराच्या रेषेच्या वर खड्डा खणून त्यात जाड ओंडका किंवा काँक्रीटचा पाट आडवा पुरावा, त्याला साखळी बांधून ती तिरपी बाहेर काढावी आणि खड्डा मुरूम टाकून ठोकून भरावा. या रचनेत समोरच्या मातीचा सगळा भार ओढीला विरोध करतो. काठावरच्या झाडाला नौका बांधणे सोयीचे वाटते. परंतु पुराने काठच खचला तर झाड, दोर आणि नौका तिन्ही एकदम वाहून जातात.

तरंगता धक्का

ज्या मंडळाकडे थोडेफार भांडवल आहे, त्याच्यासाठी तरंगता धक्का हा पाण्याच्या चढउतारावरचा सर्वोत्तम उपाय आहे. नदीच्या तळात रोवलेल्या उंच खांबांभोवती कडी किंवा रुळांच्या साहाय्याने धक्का वर-खाली सरकतो. नौका काठाला न बांधता धक्क्याला बांधली जात असल्याने दोर बदलावे लागत नाहीत. काठाशी जोडणारा पूल मात्र दोन्ही टोकांना हलता असावा लागतो.

खांबांची उंची ठरविताना गेल्या वर्षीचा पूर पाहून चालत नाही. काठावरच्या जुन्या पूररेषा, पुलावरील पातळीच्या खुणा आणि जलसंपदा विभागाची नोंद पाहून, त्याहूनही वर काही अंतर सोडून उंची ठरवावी. धक्का खांबाच्या डोक्यावरून निसटला तर त्यावर बांधलेल्या सर्व नौकांसह तो एकच प्रचंड तराफा बनतो. पुलगावसारख्या ठिकाणी, जेथे नदीवर देशाच्या प्रमुख लोहमार्गाचा पूल आहे, तेथे ही शक्यता गृहीत धरूनच आराखडा केला पाहिजे. पुलाच्या लगेच वरच्या बाजूस मूरिंगची जागा निवडूच नये.

इशारा आल्यानंतर

धरणातून पाणी सोडण्याच्या सूचना प्रशासन देते. त्यातील आकडे कधी घनमीटर प्रतिसेकंद, तर कधी क्युसेकमध्ये असतात. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, हे लक्षात ठेवल्यास तुलना सोपी होते. आकड्यापेक्षाही महत्त्वाचे ते हे, की त्या आकड्याला आपल्या घाटावर पाणी कुठवर येते याची स्वतःची नोंदवही मंडळाने ठेवावी. दोन-तीन पावसाळ्यांत ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी ठरते.

इशारा मिळताच हलक्या नौका वर काढाव्यात. इंजिन, बॅटरी, इंधनाची टाकी, वल्ही व जाकिटे उतरवावीत. ज्या नौका काढता येत नाहीत त्यांचे दोर दुहेरी करावेत, लांबी वाढवावी, नाळ प्रवाहाकडे करावी आणि मुख्य धारेपासून दूर, वळणाच्या आतल्या संथ बाजूला त्या न्याव्यात. हे सारे पाणी चढण्यापूर्वी करायचे असते. पाणी चढू लागल्यावर नौका वाचविण्यासाठी एकट्याने पात्रात उतरणे हा मूरिंगविषयक कामांतील सर्वांत घातक प्रकार होय. नौका भरून येते, माणूस येत नाही.

माणसांची सुरक्षा

बांधलेल्या नौकेच्या वरच्या बाजूला पाण्यात पडलेला माणूस प्रवाहाच्या जोराने नौकेच्या तळाखाली ओढला जाऊ शकतो. म्हणून नौकांच्या रांगेच्या वरच्या अंगाला पोहणे पूर्णतः बंद असावे आणि धक्क्यावर काम करणाऱ्यानेही जीवरक्षक जाकीट घालावे. पोहता येते ही सबब येथे चालत नाही. धक्क्यावर पाण्यापर्यंत पोचणारी शिडी, दोर बांधलेले जीवरक्षक कडे आणि रात्रीचा दिवा असणे आवश्यक आहे.

विजेचा धोका सर्वांत कमी ओळखला जातो. गोड्या पाण्यापेक्षा मानवी शरीर विजेचे चांगले वाहक आहे. धक्क्यावरील सदोष वायरीतून पाण्यात गळणारा प्रवाह पोहणाऱ्याच्या शरीरातून जातो, स्नायू आखडतात आणि तो बुडतो. धक्क्यावर वीज घ्यायचीच असेल तर ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवावा, त्याचे चाचणी-बटण दरमहा दाबून पाहावे आणि पुराचा इशारा येताच मुख्य पुरवठा बंद करावा.

याच वर्धा नदीवर १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात नौका उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कळाशी आणि कुगावदरम्यान प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांनी प्राण गमावले. हे दोन्ही अपघात चालत्या नौकांचे होते. पण नौका किती माणसे घेऊन, कोणत्या हवेत, कोणाच्या परवानगीने काठ सोडते, याचे नियंत्रण मूरिंगच्या जागीच होऊ शकते. बांधलेल्या नौकेला कुलूप, वल्ही वेगळ्या खोलीत, नौकेच्या बाजूवर ठळक अक्षरांत प्रवासी मर्यादा आणि घाटावर जाण्या-येण्याची नोंदवही, एवढी शिस्त खर्चिक नाही.

नौकेची देखभाल

उघड्या नौकेचा मोठा शत्रू पाऊस आहे. पाच मीटर लांब व दीड मीटर रुंद नौकेचे वरचे क्षेत्र सुमारे सहा चौरस मीटर भरते. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यात ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो पाणी साचते. आठ प्रौढ माणसे बसल्यासारखेच ते; त्यात हे पाणी नौका कलेल त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलंडविते. म्हणून मध्ये उंच व दोन्ही बाजूंना उतरते ताडपत्रीचे आच्छादन हवे आणि पावसाळ्यात रोज सकाळी पाणी उपसण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली हवी. आपोआप चालणारा पंप असला तरी त्याची बॅटरी उतरते, हे विसरू नये.

लाकडी नौका उन्हाळ्यात कोरडी पडली की फळ्या आकसून सांधे उघडतात. वर काढलेली नौका सावलीत ठेवून तिच्यावर ओली पोती टाकतात, ती याचसाठी. पाण्यात सोडण्यापूर्वी सांध्यांत कापसाचा पिळा ठासून त्यावर राळ व तेलाचा लेप देण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. नौका सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडे पाणी झिरपते, फळ्या फुगल्या की ते थांबते. त्यानंतरही गळती चालू राहिली तर मात्र दुरुस्ती टाळू नये.

फायबरच्या नौकेला देखभाल लागत नाही हा गैरसमज आहे. वरच्या गुळगुळीत थराला तडा गेला की पाणी आत शिरते आणि पृष्ठभागावर फोड येतात. लोखंडी नौकेवर व साखळीवर गंज पाण्याच्या रेषेजवळ सर्वाधिक चढतो, कारण तेथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. गंज रोखण्यासाठी लावले जाणारे जस्ताचे तुकडे खाऱ्या पाण्यासाठी असतात. गोड्या पाण्यात ते निष्प्रभ होतात, तेथे मॅग्नेशियमचे तुकडे लावावे लागतात. किनाऱ्यावरून साहित्य मागविणाऱ्या नदीकाठच्या मंडळांनी याकडे लक्ष द्यावे.

इंजिनबाबत एक नवी काळजी घ्यावी लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या इंधनात पाण्याचा थर वेगळा होऊ शकतो. हंगाम संपताच टाकी रिकामी करणे आणि कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालविणे हे पुढच्या हंगामातील बिघाड टाळते. ऐन पुरात बचावासाठी काढलेली नौका सुरू होत नाही, याचे कारण बहुधा अशा दुर्लक्षात सापडते.

वर्षाचे वेळापत्रक

- एप्रिल-मे : पाणी सर्वांत खाली असताना तळातील ठोकळे, साखळ्या व खांब उघडे पडतात, तपासणीची हीच वेळ. साखळीच्या कडीची मूळ जाडी दहा टक्क्यांहून अधिक झिजली असल्यास ती बदलावी. काठावरील पुरलेल्या ओंडक्यांची माती पुन्हा ठोकून घ्यावी.
- जूनचा पहिला आठवडा : सर्व दोर उलगडून, पेड उघडून पाहावेत. आतून भुकटी पडत असेल, दोर कडक झाला असेल किंवा एखादा पेड तुटला असेल तर तो मूरिंगसाठी बाद समजावा. शॅकलच्या पिना तारेने बांधाव्यात. पूर-इशाऱ्याची रंगीत तालीम एकदा करावी.
- जुलै ते सप्टेंबर : रोज दोनदा फेरी, पाणी उपसणे, कचरा काढणे, दोरांची घासणारी जागा थोडी सरकविणे, पातळीची नोंद करणे.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : पुराने बदललेले पात्र पुन्हा मोजून घ्यावे. गेल्या वर्षी खोल असलेली जागा गाळाने भरलेली असू शकते. नौका बाहेर काढून तळ धुवावा व रंगवावा.
- डिसेंबर ते मार्च : नौकाविहाराचा मुख्य हंगाम. दर महिन्याला दोर, गाठी, जाकिटांचे बंद व विजेचा संरक्षक स्विच यांची तपासणी आणि तिची लेखी नोंद.

कायदा काय सांगतो?

१९१७चा जुना कायदा रद्द करून संसदेने अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मंजूर केला. यांत्रिक नौकांची नोंदणी, तांत्रिक तपासणी, चालकांची प्रमाणपत्रे आणि विमा यांची देशभर एकसारखी चौकट त्याने घातली. यंत्राविना चालणाऱ्या नौकांसाठीही त्यात स्वतंत्र तरतुदी असून स्थानिक पातळीवरील व्यवस्थेला भूमिका दिलेली आहे. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६नुसार घोषित झालेल्या १११ जलमार्गांमध्ये पैनगंगा-वर्धा या जलमार्गाचा समावेश आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७मध्ये नौका सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. धरणाच्या जलाशयात किंवा पात्रात धक्का, ठोकळे अथवा खांब उभारण्यापूर्वी जलसंपदा विभागाची, विदर्भात विशेषतः विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या संबंधित कार्यालयाची, परवानगी घेणे हिताचे.

कागदपत्रे पूर्ण असली तरी काठावरील जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्या घाटावर सर्वांची नौका असते आणि कोणाचाच दोर नसतो, तेथे पहिल्या पुरातच नुकसान होते. प्रत्येक नौकेच्या दोरासाठी एका व्यक्तीचे आणि तिच्या अनुपस्थितीत दुसरीचे नाव फलकावर लिहिलेले असावे. वरच्या धरणाचे दरवाजे मध्यरात्रीही उघडतात. त्या वेळी कोणाला उठवायचे, हे घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.